घोडा का अडला?

मराठी माणसाच्या दारी घोडा नसला, तरी तोंडी तो सदैव असतो. पाहुणे निघून गेल्यावर हार आले, की आपण म्हणतो, 'वरातीमागून घोडे!' काम अडले, की घोडे कुठे पेंड खाते ते शोधू लागतो. वर्गात ही दौलत मी वर्षानुवर्षे वाटत आलो आहे. पण घोडा खरोखर पेंड खातो का, हे मला आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारलेले नाही.

ते मीच एकदा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या चाचांना विचारले. त्यांच्या वडिलांचा टांगा होता. अमरावतीत ऑटो वाढले, टांगे गेले. घोडा पाळण्याची घराची सवय मात्र गेली नाही. आता त्यांच्या दारात वरातीची पांढरी घोडी असते.

"पेंड?" चाचा हसले. "ते गाई-म्हशीचं काम हाय, सर. घोडीले गवत पाह्यजे."

यामागचे शास्त्र मला सांगितले ते अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत शिकलेल्या एका मित्राने. घोडा रवंथ करीत नाही. एवढा थोरला देह, पण जठर जेमतेम 8 ते 15 लिटरांचे! म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खायला हवे. 400 किलोंच्या घोडीला रोज 6 ते 8 किलो सुका चारा लागतो. हरभऱ्याची चंदी कामाच्या मानाने, बेताची. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. बुरशी धरलेले कुटार पोटात गेले, की परतीची वाट बंद! उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात पारा 45 अंशांपलीकडे जातो. एरवी 25-30 लिटर पाणी पिणाऱ्या घोडीला तेव्हा त्याहून कितीतरी अधिक लागते. घामावाटे मीठही जाते, म्हणून मिठाचा खडा समोर ठेवावा लागतो.

चाचांना हे आकडे ठाऊक नाहीत. पण पहाटे खरारा करताना त्यांचा हात घोडीच्या अंगावरून असा फिरतो, की सूज, जखम, गोचीड काही म्हणता काही सुटत नाही. मग एकेक पाय उचलून ते खुरातली घाण काढतात. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर तासून घ्यावा लागतो. नालबंद आता शोधून आणावा लागतो, ही गोष्ट वेगळी. आणि वरात नसेल त्या दिवशीही घोडीला फिरवून आणल्याशिवाय चाचा चहा घेत नाहीत.

गेल्या वैशाखात एके दुपारी घोडीने चंदीला तोंड लावले नाही. ती पुन्हा पुन्हा मान वळवून आपल्याच कुशीकडे पाही, पुढच्या पायाने जमीन उकरी. चाचांनी तिच्या कुशीला कान लावला. आपल्या पोटात गुडगुड झाली की आपण ओव्याची बाटली शोधतो. घोड्याच्या पोटात गुडगुड असली तरच ते निरोगी. चाचांनी बराच वेळ ऐकले. आत काहीच वाजत नव्हते.

संध्याकाळी वरात होती. मुलाकडची माणसे इसार देऊन गेलेली. "एवढी मिरवणूक होऊ द्या, मग दवाखाना पाहू," असे त्यांनी सुचवून पाहिले. चाचांनी नोटा मोजून परत केल्या.

"वरात दुसऱ्या घोडीवर निंघन," ते मला म्हणाले. "माही घोडी दुसरी नाही भेटत, सर."

मी मित्राला फोन लावला. चारा बंद करा, लोळू देऊ नका, हळूहळू चालवा, आणि डॉक्टर ताबडतोब बोलवा, असे त्याने बजावले. डॉक्टर आले. त्यांनी इंजेक्शन दिले, नाकातून नळी घालून पोटात औषध सोडले. रात्रभर चाचा आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने तिला गल्लीत हिंडवत होते. दुरून कुठल्याशा वरातीचा बँड ऐकू येत होता. पहाटे घोडीने लीद टाकली, आणि सारी गल्ली जणू बारसे असावे तशी आनंदली! लिदेचे एवढे कौतुक मी तरी आयुष्यात पाहिले नव्हते.

आपल्याकडे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिन्हींचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. उत्तर चोख आहे. एका जागी बांधून ठेवलेल्या घोड्याचे पाय सुजतात, पोट बिघडते. पण मला हल्ली त्या उत्तराहून प्रश्नाचेच मोल अधिक वाटते. अडलेल्या घोड्याला चाबूक दाखवणारे गावोगाव आहेत, 'का अडला?' असे विचारणारा एखादाच.

जूनमध्ये कॉलेज उघडले. वर्ग नेहमीसारखा गजबजलेला होता. हजेरी घेताना माझे लक्ष त्या गलक्याकडे नव्हते. शेवटच्या बाकावर एक मुलगा अगदी गप्प बसला होता, त्याच्याकडे होते.