क्रिया शेवटी

धारवाडच्या मराठी घरांत उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर कन्नड, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बाजारात भाव कन्नडमध्ये ठरतो, हिशेब मनातल्या मनात मराठीत होतो. दोन्ही भाषांची कुळं वेगळी, पण एक सवय मात्र सख्ख्या बहिणींसारखी: क्रियापद शेवटी. ‘दोन आणि तीन मिळव’, ‘एरडू मूरू कूडिसु’. जे आहे ते आधी समोर मांडायचं, त्याचं काय करायचं ते मग सांगायचं. पाढेही तसेच. ‘सहा साती बेचाळीस’ म्हणताना सहा येतात, सात येतात, आणि गुणाकार त्या सातच्या शेपटाला लागून येतो. शाळेच्या पाटीवर मात्र चिन्ह दोन आकड्यांच्या मधोमध बसलं आणि तिथेच राहिलं.

उलट पोलिश पद्धतीचा कॅल्क्युलेटर हे चिन्ह मधून उचलतो आणि शेवटी ठेवतो. दोन, एंटर, तीन, अधिक. उत्तर हजर. बरोबरचं बटण या यंत्रावर नसतंच, कारण वाट पाहायला काही उरलेलं नसतं. कंसही लागत नाहीत.

नावातलं ‘पोलिश’ आलं ते यान लुकासिएविच या पोलंडच्या तर्कशास्त्रज्ञामुळे. 1924 च्या सुमारास त्याने चिन्ह आकड्यांच्या आधी लिहिण्याची रीत काढली. त्यामुळे तर्कशास्त्रातली कंसांची गर्दी ओसरली. पुढे 1950 च्या दशकात संगणकाच्या अभ्यासकांनी ती उलटी केली; त्यांतला एक ऑस्ट्रेलियाचा तत्त्वज्ञ चार्ल्स हॅम्बलिन. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने 1972 मध्ये एचपी-35 हे खिशात मावणारं यंत्र याच पद्धतीवर बांधलं. बटणं पस्तीस, म्हणून नाव 35. किंमत 395 डॉलर. स्लाइड रूलवर वाढलेल्या इंजिनिअरांच्या पिढीने ते हाती घेतलं आणि रूल कपाटात गेला.

मला मात्र या पद्धतीचं मूळ आणखी जवळचं वाटतं. पेशावरजवळ 1881 मध्ये सापडलेल्या बख्शालीच्या जुन्या गणिती भूर्जपत्रांवर ऋण संख्येची खूण संख्येच्या नंतर येते, आणि दिसायला ती आजच्या अधिकच्या चिन्हासारखी आहे. एचपीच्या यंत्रावरही आकडा आधी दाबायचा, ऋणाचं बटण मग. त्या अनामिक लेखकाचा आणि कॅलिफोर्नियातल्या कारखान्याचा काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते बटण दाबताना भूर्जपत्र आठवतं, आणि बरं वाटतं.

आता टॅबलेटवर हा कॅल्क्युलेटर घ्यायचा, तर कोणता? त्याआधी तो कामात कसा चालतो ते पाहू. माझं काम जागांच्या मोजमापाचं, त्यामुळे उदाहरण तिथलंच देतो. इकडे जमीन एकर-गुंठ्यांत बोलली जाते. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. समजा, चार बाजूंची वाकडी जागा आहे: समोरासमोरच्या दोन बाजू 40 आणि 46 फूट, उरलेल्या दोन 58 आणि 62. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्यांचा गुणाकार करायचा, हा कच्चा अंदाज. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये हाच नियम सांगितला, आणि हे क्षेत्रफळ स्थूल आहे असंही स्पष्ट म्हटलं. खरेदीखताला तो पुरत नाही, तिथे कर्ण मोजावाच लागतो. पण जागेवर उभं राहून बोलायला पुरतो.

40 एंटर 46 अधिक, 2 भागिले: 43. हे त्रेचाळीस पुसू नका, लिहूनही ठेवू नका. पुढे 58 एंटर 62 अधिक, 2 भागिले: 60. तोवर आपले 43 वरच्या ओळीत शांत उभे आहेत. गुणिले: 2580. मग 1089 भागिले: 2.37, म्हणजे दोन गुंठ्यांवर थोडं. प्रत्येक टप्प्याचं उत्तर डोळ्यांसमोर येतं. सरासरी 43 च्या जागी 63 दिसली, तर तिथेच हात थांबतो. कंस टाकून लांब ओळ लिहिली, की चूक शेवटच्या आकड्यात दडून बसते आणि शोधायची कुठे ते कळत नाही.

हे जमतं ते आकड्यांच्या चवडीमुळे. ज्वारीच्या भाकऱ्यांची चवड असते तशीच ही: शेवटी ठेवलेली आधी हाताला येते. एचपीच्या जुन्या यंत्रांत ही चवड चार थरांची होती आणि थरांना नावं होती एक्स, वाय, झेड, टी. चार म्हटलं की धारवाडच्या माणसाला बेंद्रे अज्ज आठवतात. घरची बोली मराठी आणि कविता कन्नड असलेला हा कवी उतारवयात आकड्यांत बुडून गेला होता. 441 या संख्येचा त्यांना ध्यास होता. ज्या संग्रहाला 1973 चं ज्ञानपीठ मिळालं, तो 1964 चा ‘नाकु तंती’, म्हणजे चार तारा. साधनकेरीच्या तळ्याकाठी त्यांच्या घरावरून जाताना मला वाटतं, आकड्यांशी इतकी सलगी करणाऱ्या त्या हातांत हे यंत्र शोभलं असतं.

तर सगळं काम चालतं चवडीवर, म्हणून ॲप निवडताना माझी कसोटी एकच आहे. चवड दिसली पाहिजे. जुन्या एचपी-35 ला एकच ओळ होती. वरचे तीन थर मनात धरावे लागत. 1988 च्या एचपी-42एसला दोन ओळी मिळाल्या. टॅबलेटला वीतभर काच आहे, आणि तिच्यावरही एकच ओळ दाखवणारं ॲप मला पटत नाही. जुन्या यंत्राचं हुबेहूब चित्र पाहून जीव हरखतो, पण ते चित्र जागा खातं आणि कामाचे आकडे बारीक होतात.

फ्री42 हे थॉमस ओक्केन यांचं ॲप 42एसची रीत जशीच्या तशी चालवतं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, प्रोग्रॅमचं मूळ लिखाण सर्वांना खुलं आहे, आणि त्याची दशमान आवृत्ती 34 अंकांपर्यंत नेमकी मोजते. त्याच हाताचं प्लस42 विकत घ्यावं लागतं. त्यात पडदा मोठा मिळतो, एककं आणि समीकरणंही येतात. आयपॅड 2010 मध्ये आला आणि ॲपलने त्यावर स्वतःचा कॅल्क्युलेटर दिला तो 2024 मध्ये. मधल्या वर्षांत जेम्स थॉमसन यांच्या पीकॅल्कने अनेकांची सोय केली. त्यात उलट पोलिश पद्धत सेटिंगमधून चालू करता येते, म्हणजे घरातल्या दोघांना दोन रीती. अँड्रॉइडवर रिअलकॅल्कमध्येही तशी सोय आहे. कर्जाचे हप्ते मोजणाऱ्यांनी 1981 चं एचपी-12सी ॲपच्या रूपात घ्यावं. बँकेच्या टेबलावर त्याचा मान वेगळाच आहे.

मी प्लस42 ठेवलं आहे, चारही थर दिसतात म्हणून. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी पैसे घालू नयेत. फ्री42 उतरवून घ्या, आपल्या घराच्या जागेच्या चार बाजू कागदावर मांडा आणि गुंठे काढा. घरातल्या पाढे म्हणणाऱ्या मुलालाही शेजारी बसवा. त्याला ही रीत तुमच्या आधी कळेल.