रतजग्याची सीडी

वऱ्हाडातल्या आमच्या घरांत लग्न म्हटले की रतजगा आलाच. एकीकडे गुलगुले तळायचे, दुसरीकडे ढोलक घेऊन बायकांनी रात्रभर गाणी म्हणायची. या गाण्यांची भाषा आम्ही शाळेत शिकवतो ती उर्दू नव्हे. तिच्यात दखनी आहे, वऱ्हाडी मराठी आहे, समधिणीची थट्टा आहे आणि लेकीला निरोप देतानाचे रडूही आहे. कव्वाल्यांच्या कॅसेटी निघाल्या, फिल्मी गाण्यांच्या सीड्या निघाल्या. आमच्या नानीच्या गाण्यांसाठी मात्र कोणती कंपनी दारव्ह्याला आली नाही.

तिची एकच तासाभराची सीडी घरात आहे. १९८८ साली मामाच्या लग्नात नानी, तिच्या बहिणी आणि मोहल्ल्यातल्या बायका गायल्या, ते कॅसेटवर भरले होते. फीत चिकटू लागली तेव्हा, २००६ साली, ते सीडीवर उतरवले. नानी आता नाही. घरी लिहिलेली सीडीही कायमची नसते. तिच्यातल्या रंगाच्या थरावर लेझरने खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता, ओल यांनी तो थर बिघडतो. यवतमाळचा उन्हाळा कुणाला सांगायला नको.

म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणून मी ती सीडी संगणकावर घेतली. सीडीत दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे आमचा तास ६०० एमबीच्या घरात. नेहमीच्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये तोच तास ६० एमबीच्या आत बसतो. कारण मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला कळणार नाही, असे धरून एमपी३ तो गाळते. आमच्या सीडीत असे दबलेले आवाज फार आहेत. ढोलकीमागे बांगड्या आहेत, कढईची चरचर आहे, कुणाचे तरी मूल आहे. ऐकताना फरक कदाचित कळणारही नाही, पण गाळलेले परत मिळत नाही. तेव्हा मूळ प्रत फ्लॅकमध्ये केली. २००१ साली आलेली ही पद्धत काहीही न गाळता साधारण निम्म्या जागेत आवाज ठेवते. ती दोन ठिकाणी ठेवली आणि ऐकण्यापुरते एमपी३ केले.

प्रश्न पाठवण्याचा होता. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही. ड्राइव्हवर ठेवून नांदेडच्या खालाला आणि जेद्दाच्या मामेबहिणीला लिंक पाठवली. भाचा म्हणाला, यूट्यूबवरच टाकू, सगळ्यांना ऐकता येईल. खालाने फोनवर सांगितले, ‘‘बेटा, वो तो घर की औरतों में गाए थे.’’

तिचे म्हणणे मला टाळता येईना. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारणीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह येत आहेत. त्या बायकांनी कुणीतरी आपले गाणे मागायला आले आहे हे जाणून गायले. आमच्या बायकांना तसे कुणी विचारले नव्हते. पण न विचारता गाणी जगापुढे मांडणे जसे बरे नाही, तसे लाजेपायी ती कपाटात संपू देणेही बरे नाही.

मग विचारत निघाले. हयात असलेल्या चौघींपैकी दोघींनी नावासह परवानगी दिली, एकीने नाव नको म्हटले, आणि खालाने थट्टेची गाणी घरातच ठेवा असे बजावले. घोळक्यातून एक आवाज वेगळा काढता येत नाही, म्हणून एकीचा नकार म्हणजे पूर्ण गाणे बंद. चौदांपैकी पाच गाणी खुली होतील. बाकीची फक्त घरच्यांसाठी.

सध्या दर रविवारी खालाला एकेक गाणे फोनवर ऐकवते आणि कोणता आवाज कुणाचा, ती कुठल्या गावची, हे वहीत लिहून घेते. सीडीच्या प्रती आता झाल्या आहेत. हे सांगणारी मात्र खाला एकटीच उरली आहे.