भिंत आणि बाई

ज्योती भट्ट हे बडोद्याचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ साली एका चर्चासत्रासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रं काढायला ते गावोगाव हिंडले आणि पुढची कित्येक वर्षं हिंडतच राहिले. कधी सोबतीला शिल्पकार राघव कनेरिया असत.

त्या छायाचित्रांत पुष्कळदा नक्षी रेखणारी बाई त्या भिंतीपुढेच उभी दिसते. मला तिथेच थांबायला होतं. मुद्राचित्र करणाऱ्याला रेषेचं वेड. त्याने माणसं बाजूला सारून नुसती नक्षी टिपली असती, तरी कुणी नावं ठेवली नसती. पण सारवलेली भिंत पावसात धुपते, सणाला पुन्हा लिंपली जाते. नक्षी जाते, ती पुन्हा काढणारी बाई घरात असते. तिला वगळलं, तर कागदावर उरतो तो फक्त नमुना.

आमच्याकडे आई दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढायची. भाचे मंडळी फोन घेऊन वाकत आणि म्हणत, "आजी, जरा सरक ना, तुझी सावली पडतेय." ती सरकायची. घरात रांगोळ्यांचे ढीगभर फोटो आहेत. आई एकातही नाही.

आता तिला खाली बसवत नाही. यंदा ती खुर्चीवरून ठिपके मोजून सांगत होती आणि वहिनी काढत होती. मी दोघींचा फोटो घेतला. रांगोळी अर्धीच झाली होती, आणि तिच्यावर आईची सावली होती.