तीन विरुद्ध तीन

गोष्ट दोन गुणांची आहे. नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : पहिल्या महायुद्धाची जबाबदारी कोणावर ठेवण्यात आली व का? उत्तर ठरलेले. १९१९ चा व्हर्सायचा तह, त्यातील २३१ वे कलम, जर्मनी आणि तिचे दोस्त. गाईडात तीन ओळी आहेत आणि मुलांना त्या पाठ असतात. एका मुलीने मात्र लिहिले, ‘तहात जर्मनीला दोषी म्हटले आहे. पण तह जिंकणाऱ्यांनी लिहिला, म्हणून एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही.’ मी लाल पेनाने दोन्ही गुण कापले.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी. आमची शाळा गुजराती माध्यमाची. तिने विचारले, ‘‘सर, आमां खोटुं शुं छे?’’ मी म्हणालो, ‘‘पुस्तकात आहे ते लिहायचं.’’ ती मान खाली घालून गेली. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. इतिहास घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचे हे उत्तर!

आमची शाळा आणि माझे घर, दोन्ही फतेगंजमध्ये. जुनी माणसे या भागाला अजून ‘कॅम्प’ म्हणतात, कारण इंग्रजांची छावणी इथली. माझी आजी दांडिया बाजारातली. ती सांगे, ‘‘कॅम्पातल्या साहेबानं आपल्या मल्हाररावाला फसवलं रे!’’ ‘आपल्या’ या शब्दावर तिचा जोर असे. नोकरीची वीस वर्षे मी तीच गोष्ट वर्गात सांगत आलो. जर्मनीच्या बाबतीत मी गाईडवर विसंबलो होतो, मल्हाररावांच्या बाबतीत आजीवर. तपासले दोन्हीकडे नव्हते.

पुढच्या आठवड्यात महायुद्ध बाजूला ठेवले आणि फळ्यावर लिहिले : ९ नोव्हेंबर १८७४. त्या सकाळी रेसिडेंट कर्नल फेयर फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले आणि उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची भुकटी सापडल्याचे सांगण्यात आले. संशय महाराजांवर गेला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली. चौकशीला सहा जणांचे कमिशन बसले. सर रिचर्ड काउच, मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज; शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन हिंदी. महाराजांच्या बाजूने विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. साक्षीपुरावे सहाही जणांनी तेच ऐकले. तिघे इंग्रज म्हणाले, महाराज दोषी. तिघे हिंदी म्हणाले, आरोप शाबीत होत नाही.

एक मराठी मुलगा लगेच उठला. ‘‘म्हणजे आपले महाराज निर्दोष!’’ मागच्या बाकावरून दुसरा म्हणाला, ‘‘शेतकऱ्यांना पिळून सोन्याच्या तोफा ओतल्या, ते निर्दोष कसे?’’ वर्गात सरळ दोन तट पडले, मराठी आणि गुजराती. क्षणभर मला भीती वाटली. शेजारी बसून डबा खाणारी ही मुले. मी काय उकरून काढले?

मी म्हणालो, ‘‘थांबा. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्य वाईट चालवले का, हा एक. विष घालवले का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हो आले, म्हणून दुसऱ्याचे हो होत नाही.’’ मग साक्षीदार तपासले. रावजी, नरसू आणि दामोदरपंत. तिघांनीही कटातला आपला वाटा कबूल केलेला. अशा माणसाच्या साक्षीचे वजन किती? २ नोव्हेंबरलाच महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता धाडून फेयरना हलवण्याची मागणी केली होती. त्या वेळी दिवाण होते दादाभाई नौरोजी. खलिता गेल्यावर आठवड्यात महाराज विष घालतील? की अधीर होऊन तेच करतील? एकच कागद दोन्ही बाजूंनी बोलत होता.

‘‘इंग्रजांनी फक्त कातडीचा रंग बघितला,’’ एकजण म्हणाला. मी विचारले, ‘‘आणि हिंदी सभासदांपैकी दोघे स्वतः गादीवर होते, हे तू बघितलंस का?’’ तो गप्प झाला. तेवढ्यात तीच मुलगी उठली. ‘‘सर, मग सरकारने निकाल काय दिला?’’

प्रश्न नेमका होता. सरकारने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले, पण जाहीरनाम्यात कारण विषाचे दिले नाही. गैरवर्तन, राज्यातील अंदाधुंदी आणि सुधारणा करण्याची नालायकी ही दिली. महाराज मद्रासला गेले, १८८२ मध्ये तिथेच वारले. इकडे नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक आला आणि सयाजीराव झाला. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात मी एम. ए. केले, ते या न सुटलेल्या खटल्यातून आपल्या शहराला मिळाले.

तास संपताना मी त्या मुलीचा पेपर मागवला, सगळ्यांसमोर दोन गुण परत दिले आणि चूक माझी होती असे सांगितले. तिने विचारले, ‘‘सर, बोर्डात असा प्रश्न आला तर काय लिहू?’’ मी अडखळलो. म्हणालो, ‘‘आधी पुस्तकातलं लिही. मग एक ओळ तुझी लिही.’’ हे उत्तर अर्धेच आहे, हे तिलाही कळले असावे.

रात्री आईला सगळे सांगितले. तिचा चेहरा पडला. ‘‘म्हणजे तुझी आजी खोटं सांगायची?’’

‘‘खोटं नाही गं. तिनं ऐकलेलं सांगितलं. तिला कुणी सांगितलं आणि त्याला कुणी, एवढंच मी विचारतोय.’’

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तिच्या सासऱ्यांनी सांगितलं असेल. ते सरकारवाड्यात कारकून होते.’’

मी उठून वही-पेन घेऊन आलो. आईजवळ आजवर कधी हे विचारलेच नव्हते.