खुर्चीची डोली आणि 108
आमच्या लहानपणी रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली, की आधी खुर्ची शोधली जायची. लाकडी, हातांची. तिला दोन्ही बाजूंनी वासे बांधायचे, आजाऱ्याला घोंगडीत लपेटून बसवायचं आणि चौघांनी खांद्यावर घ्यायचं. पुढे कंदील. कर्ली खाडीकाठच्या वाड्यांतून माणसं अशीच मालवणच्या दवाखान्यात जात. व्हाळावरच्या साकवावर मागचा पुढच्याला ओरडायचा, "सांभाळून रे, पाय घसरतलो!" खाडी आडवी आली की होडी, आणि पलीकडे नवे खांदे तयार. कुणाला बोलवावं लागत नसे. त्या काळातलं मला सर्वांत जास्त आठवतं ते हेच.

हृदयच थांबलं, तर मात्र त्या खांद्यांचा इलाज चालत नसे. कांदा फोडून नाकाशी धरायचे, तळपाय चोळायचे, एखादी आजी तुळशीपत्र घेऊन यायची. "हार्टफेल झालो," असं कुणीतरी हळूच म्हणे आणि पुरुष खळ्यात जाऊन उभे राहत. नुसत्या हातांनी छाती दाबून थांबलेलं रक्त फिरतं ठेवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 1960 मध्येच दाखवलं होतं. 1966 मध्ये बेलफास्टला फ्रँक पँट्रिज यांनी विजेचा झटका देणारं यंत्र रुग्णवाहिकेत घालून रुग्णाच्या दारी नेलं. आमच्याकडे माणसं होती, रात्रभर चालायची तयारी होती; हात कुठे ठेवायचा, एवढंच कुणी शिकवलं नव्हतं. याची खंत अजून जात नाही.

आता 108 ही रुग्णवाहिका सेवा आहे. 2014 मध्ये राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, त्यांतल्या 233 अतिदक्षतेच्या. फोन पुण्यात औंधला लागतो, तिथून जवळची गाडी निघते. चालकाला 'पायलट' म्हणतात आणि मागे चक्क डॉक्टर असतो. वळणावळणाच्या रस्त्यावर, हलत्या गाडीत तोल सावरत छाती दाबत राहणाऱ्या या तरुण डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. तिथे भागलं नाही तर पत्रादेवीची सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीचं मोठं रुग्णालय.

पण खेड्यात गाडी अर्ध्या तासात पोचावी असं उद्दिष्ट आहे, आणि हृदय थांबल्यावर मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. मधला वेळ घरातल्यांचा. घरात कोण? एक म्हातारा, एक म्हातारी. मुलगे मुंबईला, पणजीला. शेजारच्या घराला कुलूप. विद्या दारापर्यंत आली, तेव्हा ते चार खांदे गावातून निघून गेले होते.

चतुर्थीला ही कुलपं उघडतात. चाकरमान्यांनो, यंदा आरत्या-भजनांच्या गडबडीतून एक दुपार काढा. डॉक्टरांना वाडीत बोलवा आणि घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांसह सगळेच शिका. माणूस हाक देत नाही, श्वास धड चालत नाही, असं दिसलं की आधी 108. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. सुमारे पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. भजनाचा गजर चढल्यावर झांज वाजते तसं. दमलात तर दुसऱ्याने हात लावायचा. गाडी येईपर्यंत थांबू नका.