एचआरच्या खुर्चीवर कोण बसणार?

आपल्या वस्त्यांमध्ये शिकणाऱ्या मुलांना दोनच सल्ले मिळतात. एमपीएससी कर, नाहीतर इंजिनिअर हो. सरकारी नोकरीत आरक्षण आहे म्हणून पहिला सल्ला दिला जातो, आणि तो चूक नाही. पण सरकारी जागा आटत चालल्या आहेत आणि संविधानाचे कलम १६(४) खासगी कंपनीला लागू होत नाही. तिथे कोणाला आत घ्यायचे, हे एचआर विभाग ठरवतो. त्या विभागात आपली माणसे किती?

मी शिष्यवृत्तीवर इंग्लंडच्या एका विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि मनुष्यबळ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. भरती, वेतनरचना, कामगार कायदे, निरनिराळ्या देशांची कार्यसंस्कृती, सगळे शिकलो. वंशभेद आणि लिंगभेद यांवर स्वतंत्र व्याख्याने झाली. भारत मात्र एका आकड्यात उरकला. हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून देशोदेशीच्या संस्कृतींची मापे काढली. त्यात 'सत्तेचे अंतर' या मापावर भारताला ७७ गुण आहेत. भारतीय माणूस उतरंड सहज स्वीकारतो, असा त्याचा अर्थ आम्हाला सांगितला गेला.

मी विचारले, ही उतरंड कोणी रचली? तळाशी कोण आहे? त्याने ती कधी स्वीकारली? प्राध्यापक म्हणाले, हा सांस्कृतिक संदर्भ आहे. आपल्याच देशातला एक सहाध्यायी म्हणाला, "शहरात आता जात कोण पाळतं?"

त्याचे उत्तर संशोधनाने आधीच दिले होते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. २००७ साली त्यांचे निष्कर्ष 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांशच होती. मुस्लिम नावाची तर एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर व्यवस्थापकांच्या मुलाखतींवर लिहिले. ते गुणवत्तेचा जप करत होते आणि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' तपासणेही त्यांना गरजेचे वाटत होते.

मलाही मुंबईतल्या एका मुलाखतीत विचारले गेले, वडील काय करतात? मी म्हणालो, सफाई कामगार आहेत. पुढची मुलाखत दोन मिनिटांत आटोपली. माझी पदवी तीच होती, गुणही तेच होते.

मग हे शिक्षण घ्यायचे कशाला, असे कोणी विचारेल. घ्यायचे, कारण मुलाखतीत कोणता प्रश्न विचारता येतो आणि कोणता नाही, हे लिहून ठेवणारे खाते हेच आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबियात जातीच्या उगमावर निबंध वाचला. परदेशी वर्गात त्यांनी आपला प्रश्न नेला. पुढे १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळले. ज्ञान आणि अधिकाराची जागा, दोन्ही त्यांनी मिळवले.

आज हा प्रश्न परदेशातही पोहोचला आहे. सिएटल शहराने २०२३ मध्ये जातिभेदावर कायद्याने बंदी घातली. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये समता कायद्यात जात आणण्याची तरतूद केली, पण २०१८ मध्ये तिथल्या सरकारने माघार घेतली. म्हणजे लढाई अर्धवट आहे आणि तिला जाणकार माणसे हवी आहेत.

म्हणून मित्रांनो, या अभ्यासक्रमांना जरूर जा. आधी फी आणि नोकरीची शक्यता तपासा, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी नीट वाचा. प्रबंधाला विषय घ्या तो भरतीतल्या जातीचा. वर्गात 'विविधता' शब्द आला की विचारा, त्यात जात कुठे आहे? आणि उद्या त्या खुर्चीवर बसलात, तर समोरच्या पोराला वडिलांचा धंदा विचारू नका, आणि शेजारच्यालाही विचारू देऊ नका.

जय भीम!