उडण्याआधीची तपासणी



आमचा लेक नववीत आहे. चातुर्मासाचे चार महिने खपून त्याने रिमोटवर उडणारं विमान तयार केलं. हलक्या फोमचे पंख, पुढे छोटी मोटर आणि पंखा, वजन जेमतेम पाऊण किलो. पण कोल्हापुरात आमच्या घराजवळ एवढी मोकळी जागा कुठली? म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पहिलं उड्डाण कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर करायचं ठरलं. ओहोटीनंतर तिथली ओली वाळू घट्ट आणि सपाट असते. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे तिथे उडवता येतं का, हे यांनी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आधीच पाहून घेतलं.

खरं काम उडवण्याच्या आधीचंच असतं, हे मला या निमित्ताने कळलं.

घरी पहिली तपासणी बॅटरीची. तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, पूर्ण भरली की प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. फुगलेली असेल तर वापरायचीच नाही. चार्जिंग मातीच्या कुंडीत ठेवून, आणि घरातलं कुणीतरी जागं आणि जवळ असतानाच. दुसरी तपासणी तोलाची. पंखाची रुंदी २० सेंमी, म्हणून पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर खालून दोन बोटं लावून विमान उचलायचं. ते सपाट राहिलं पाहिजे, फार तर नाक किंचित खाली. शेपूट जड असेल तर विमान हवेत आवरत नाही. आमचं मागे झुकत होतं. बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली आणि तोल जमला.

किनाऱ्यावर आम्ही देऊळ आणि पर्यटकांची गर्दी सोडून बरेच लांब गेलो. चटई टाकण्याआधी वाळूत खेकड्यांची बिळं आहेत का ते पाहिलं. वस्तू उचलताना, ठेवताना आधी नीट बघायचं, ही आदाननिक्षेपण समिती आपल्याला लहानपणापासून शिकवलेली. लेकाची यादी मला तशीच वाटली.

जाळी विणत बसलेले एक आजोबा म्हणाले, "आत्ता वारो भायर जाता. विमान तुमचा सरळ समुद्रात जातला." खरंच होतं. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ऊन तापलं की उलटा फिरतो. आम्ही थांबलो.

तेवढ्यात बाकीची तपासणी. पंखा काढून ठेवला. आधी रिमोट चालू, मग विमान. विमानाच्या मागे उभं राहून काडी उजवीकडे केली, उजव्या पंखाची पट्टी वर गेली. बरोबर. रिमोटची ताकद कमी करून तीस पावलं लांब गेला, पट्ट्या हलत होत्या. शेवटची परीक्षा: मोटर हळू फिरत असताना रिमोट बंद करायचा. संपर्क तुटला तर मोटर आपोआप थांबली पाहिजे.

थांबली नाही.

"आई, रेंज चांगली आहे गं. रिमोट मध्येच कशाला बंद पडेल? उडवूया ना!" त्याचे डोळे भरले होते. माझाही जीव तुटला. मी एवढंच म्हटलं, "त्या आजोबांकडे बघ, त्या खेळणाऱ्या पोरांकडे बघ, आणि तूच सांग."

तो बराच वेळ गप्प बसला. मग खाली बसून रिसीव्हर आणि रिमोट पुन्हा जोडायला घेतले. जोडताना मोटरची काडी अगदी तळाशी ठेवली, म्हणजे संपर्क तुटल्यावर तीच स्थिती लागू होते. ते जमेपर्यंत अकरा वाजले, वारा फार वाढला. यांनी खोलीवाल्यांना फोन करून मुक्काम एक रात्र वाढवला. मी उरलेल्या दशम्या मोजल्या, पुरणार होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी यादी पहिल्यापासून, मोठ्याने वाचत तपासली. रिमोट बंद, मोटर बंद. आकाशात घारी नाहीत ना, तेही पाहिलं. वारा समुद्राकडून हलकासा यायला लागल्यावर पंखा लावला आणि वाऱ्याकडे तोंड करून विमान सोडलं. तीन फेऱ्या मारून ते ओल्या वाळूवर उतरलं.

टाळ्या सगळ्यांनी उड्डाणाला वाजवल्या. मी मनात आदल्या दिवसाला वाजवल्या. आपली मुलं अशी काही वेडं घेऊन आली, तर मैत्रिणींनो, त्यांची तपासणीची यादी आपणही एकदा वाचावी. त्यातली निम्मी कलमं दुसऱ्याच्या जिवासाठी असतात.